वाचक विचारतात : रोज तेच बोलणारा म्हातारा

मागच्या अंकात मी लेनर्ड कोहेनच्या २००८ च्या लंडनच्या कॉन्सर्टवर पानभर लिहिलं होतं. तोच तो कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा कवी-गायक, त्र्याहत्तराव्या वर्षी सूट आणि टोपी घालून तीन तास स्टेजवर उभा राहिलेला. त्यात ओघात लिहून गेले की प्रेक्षकांशी इतकं जवळचं नातं जोडणारा गायक मी दुसरा पाहिला नाही, आणि त्या एका वाक्यावर इतकी पत्रं, मेल, व्हॉट्सॲप आलेत की या महिन्याचा कॉलम त्यालाच देऊन टाकतेय. अळूवडी तेलात सुटते त्या ताईंनी रागावू नये, तुमचं पुढच्या महिन्यात नक्की.

तुम्ही भारावून लिहिलंय, पण मी यूट्यूबवर त्याच टूरचे चार-पाच गावांचे व्हिडिओ लावून पाहिले. प्रत्येक ठिकाणी तेच जोक, तीच वाक्यं, त्याच जागी टोपी काढणं. याला संवाद म्हणायचं की पाठांतर? वीस हजार लोकांना उल्लू बनवलं असं नाही का वाटत? (सदाशिव पेठ, पुणे)

काका, आधी जरा लागलंच हो मला, खोटं कशाला बोलू. मग रात्री बसून मीही दोन-तीन गावांचे व्हिडिओ लावले आणि तुमचं बरोबर आहे, तेच, खरंच तेच. मागे इथे आलो तेव्हा मी साठीचा होतो, वेडं स्वप्न घेऊन फिरणारं पोरगं होतो, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलतो, मग डिप्रेशनच्या गोळ्यांची नावं एकामागून एक अशी घेत जातो की जसे काही चारधामच करून आलाय, आणि शेवटी म्हणतो की धर्म आणि तत्त्वज्ञानंही खूप अभ्यासली पण काय करणार, आनंदीपणा मधेमधे डोकं वर काढतच राहिला. हशा. पुढच्या गावात परत गोळ्या, परत हशा.

पण मला सांगा, कीर्तनाला जाता ना? बुवांनी उत्तररंगात सुदाम्याचं आख्यान लावलं की देव पोहे खाणार हे अख्ख्या मंडपाला माहीत असतं, बुवांचा विनोदही मागच्या वर्षीचाच असतो, पुढच्या रांगेतल्या आज्जी तर बुवांच्या आधी हसतात, आणि तरी कोणी उठून म्हणत नाही की बुवा हे गेल्या वर्षी झालं. तमाशातली बतावणी घ्या, नाटकातला ठरलेला हशा घ्या. आपल्याकडे पाठ असणं हा कधीपासून गुन्हा झाला?

दुसरं असं की जोक पाठ असला तरी त्यातला मजकूर जगून झालेला आहे. डिप्रेशन त्याच्या मागे तरुणपणापासून होतं. १९९४ ते १९९९ हा माणूस लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डीवरच्या झेन मठात जाऊन राहिला, १९९६ ला भिक्षूची दीक्षासुद्धा घेतली. आणि मुळात कवी तो. ‘हॅलेलुया’ १९८४ ला आलं, त्याआधी त्याच्या कडव्यांच्या वह्याच्या वह्या भरलेल्या होत्या. जो माणूस गाण्यातला शब्द असा वर्षानुवर्षं घासतो तो दोन गाण्यांच्या मधलं बोलणं तोंडाला येईल तसं का सोडून देईल, त्याच्या लेखी तेही लिहिलेलंच काम असणार ना.

राहिला उल्लूचा मुद्दा. पाठ केलेलं आत्ताच सुचलं म्हणून खपवतात, मुद्दाम अडखळतात, डोळे पुसतात, तेव्हा मला उल्लू बनवल्यासारखं वाटतं. ‘पुण्यासारखे रसिक कुठेच नाहीत’ हे आदल्या रात्री नागपूरला नाव बदलून झालेलं असतं, तुम्हालाही माहितीये आणि तरी तुम्ही टाळ्या वाजवता की नाही? लंडनच्या त्या ओटू अरीनामध्ये वीसेक हजार लोक मावतात, आणि कोहेन सुरुवातीलाच काय म्हणतो तर आपण जवळिकीच्या जरा पलीकडच्या बाजूला जमलोय. म्हणजे एवढ्या अवाढव्य हॉलला त्याने घरची बैठक म्हणून नाही विकलं. मला तर त्या एका वाक्यातच तो जवळचा वाटला.

आवाज हा असा? आमच्या इमारतीचा पाण्याचा पंप याहून सुरेल आहे. (बोरिवली)

हो, असाच. आणि हे त्याला पुरेपूर माहीत होतं. त्याच्या एका गाण्यात मी सोन्यासारखा आवाज घेऊन जन्मलो अशा अर्थाची ओळ आहे, ती आली की सगळं पब्लिक टाळ्या-शिट्ट्यांनी हॉल डोक्यावर घेतं आणि हा गंभीर चेहरा करून पुढची ओळ म्हणतो. त्याच गाण्यात तो छोट्याशा कीबोर्डवर बालवाडीतल्या पोरासारखं काहीतरी वाजवतो, त्यालाही टाळ्या, मग तो तुम्ही फारच दयाळू आहात वगैरे. शेवटी मागच्या गायिका डू-डम-डम-डम असं काहीसं गात असतात आणि हा सांगतो की आयुष्याच्या कोड्याचं उत्तर मला सापडलंय, आज देऊन टाकतो, ते उत्तर म्हणजे हेच डू-डम-डम. लोक रडेपर्यंत हसतात. पंपाला हे जमतं का विचारा.

पंधरा वर्षं गायब आणि मग अचानक प्रेक्षकांवर प्रेम उतू गेलं? पैशासाठीच आला ना परत? मी अकाउंटंट आहे, मला पहिला हाच प्रश्न पडला. (सोलापूर)

हो, पैशासाठीच. तो मठात असताना आणि नंतरही त्याचे व्यवहार मॅनेजर बघायची, आणि २००४ च्या सुमारास कळलं की म्हातारपणाची पुंजी जवळजवळ साफ झालीये. २००६ ला कोर्टाने ९० लाख डॉलर भरपाई मंजूर केली पण ते पैसे काही हातात पडले नाहीत. म्हणून सत्तरी उलटल्यावर टूर. पण टूर कशी काढली ते बघा ना, आधी काही महिने नुसत्या रिहर्सल, आणि पहिला कार्यक्रम ११ मे २००८ ला कॅनडातल्या फ्रेडरिक्टन नावाच्या लहान गावात, सातशेच्या आसपास खुर्च्यांचं थिएटर. म्हणजे आपल्याकडे नाटकाचा पहिला प्रयोग मुंबईत न लावता कुठेतरी आडबाजूला लावून बघतात तसं. सगळं जमतंय असं दिसल्यावर मोठी मैदानं. ते चक्र डिसेंबर २०१३ पर्यंत चाललं, साडेतीनशेच्या वर कार्यक्रम, शेवटचा न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला, तेव्हा वय ७९. पैसे तर मधेच कधीतरी भरून निघाले असतील, तरी थांबला नाही. तुमच्या ताळेबंदात हे कुठल्या खात्यात टाकायचं ते तुम्हीच बघा.

आमच्या छोट्या म्युझिक सर्कलमध्ये मी तरुण मुलांचे कार्यक्रम लावते. गातात छान, पण दर गाण्याआधी ‘आवाज येत नाहीये’, ‘जेवून आला नाहीत का’, ‘जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत’. मागच्या वेळी तर एकाने पहिल्या रांगेतल्या आजोबांना झोपलात का म्हणून माइकवरून विचारलं आणि ते उठून गेले. या मुलांना काय सांगू? (नाशिक)

अगं बाई, आजोबांना माझा नमस्कार सांगा.

टाळ्या मागून घेतल्या की त्या वसुलीच्या होतात. कोहेनच्या त्या तीन तासांत मला एकदाही टाळ्या मागितलेल्या दिसल्या नाहीत, उलट तोच सारखा देत असतो. सुरुवातीला सांगतो की आमच्याकडे जे काय आहे ते सगळं आज तुम्हाला देऊ. मग वरच्या, लांबच्या खुर्च्यांवर बसलेल्यांचे वेगळे आभार, आणि तुमच्यापैकी काहींनी इथे यायला आर्थिक आणि भौगोलिक गैरसोय सोसली आहे हे मला ठाऊक आहे, असं. काय गोड सरकारी भाषा आहे बघा! तिकीट महाग आहे आणि पार्किंग लांब आहे हे कबूल करणारा गायक तुम्ही पाहिलाय का, मी तर संयोजकसुद्धा पाहिला नाही.

आणि साथीदार. यावर मी मागे लिहायला हवं होतं, राहूनच गेलं. स्पेनचा हाविएर मास बँडुरियावर, म्हणजे बारा तारांचं एक तंतुवाद्य असतं त्यावर, एकटा वाजवायला लागला की कोहेन त्याच्यासमोर गुडघ्यावर बसतो, टोपी काढून छातीशी धरतो आणि ऐकतो. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस! हॅमंड ऑर्गनवाल्या नील लार्सनसाठी टोपी, ड्रमवाल्यासाठी टोपी, शॅरन रॉबिन्सन त्याची गाण्यांतली भागीदार तर तिचं नाव तो असं उच्चारतो की जणू ते पण गाण्यातच आहे. प्रत्येकाचं नाव एकदा नाही, दोन-तीनदा, वाद्यासकट. स्टार स्वतः कोणाचं तरी ऐकतोय म्हटल्यावर पब्लिकही आपोआप कान देतं, शू शू करावं लागत नाही. आपल्याकडे तबलजीचं नाव सुरुवातीला एकदा घेतात, तेही चिठ्ठीवरून आणि चुकीचं. तुमच्या मुलांना एवढंच सांगा की पुढच्या कार्यक्रमाला तबलजीकडे वळून बसा आणि तो वाजवत असताना मोबाइल बघू नका.

मी ऑर्केस्ट्रा चालवतो, गणपतीत तारखा फुल्ल असतात. तुमचे हे गायक बंद हॉलमध्ये शहाण्या लोकांसमोर गातात. आमच्यासमोर दोन वाजता पब्लिक तर्र असतं, डीजे लावा म्हणून ओरडतं, बाटल्या येतात. तिथे टोपी काढून काय होणार? (कोल्हापूर)

दादा, मान्य, पण त्याने तेही केलंय.

१९७० च्या ऑगस्टअखेर इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावर मोठा फेस्टिवल होता. सहा लाख लोकांचा आकडा सांगतात, तो थोडा इकडेतिकडे धरला तरी समजा अख्खं शहर येऊन मैदानात बसलंय. फुकट आत सोडा म्हणून कुंपणं तोडलेली, क्रिस क्रिस्टोफरसनसारख्या गायकाला हुर्यो करून सळो की पळो केलेलं, जिमी हेंड्रिक्स गात असताना स्टेजला आग लागलेली, आणि त्यानंतर, तुमच्यासारखंच मध्यरात्र कधीच उलटून गेल्यावर, कोहेनचा नंबर. पस्तिशीचा, हातात साधी गिटार.

तो आला आणि त्याने घाईच केली नाही. हळू आवाजात गोष्ट सांगायला लागला की लहानपणी वडील मला सर्कसला न्यायचे, मला बाकी काही आवडायचं नाही पण तिथे एक माणूस उठून सगळ्यांना एकेक काडी पेटवायला सांगायचा म्हणजे अंधारात कोण कुठे आहे ते दिसेल, ते आवडायचं. तर तुम्ही पेटवाल का एकेक काडी, म्हणजे तुम्ही कुठे आहात ते मला दिसेल. (वडील तो नऊ वर्षांचा असतानाच गेले होते, हे कळल्यावर ती गोष्ट परत ऐका.) आणि काड्या पेटायला लागल्या. त्याचं शूटिंग आहे, चेहरे बघा, जे मघाशी शिव्या देत होते तेच.

आता मोबाइलचे टॉर्च लावा म्हणायची फॅशन आलीये ती रीलसाठी असते, ती नाही म्हणत मी. पण तुम्ही ज्या आवाजात ‘शांत बसा’ ओरडता त्याच्या निम्म्या आवाजात एकदा काहीतरी सांगून बघा, कोल्हापुरातलंच, तालमीचं, रंकाळ्याचं, तुमच्या वडलांचं. बाटली आलीच तर मात्र सरळ सामान गुंडाळा, गोष्टीबिष्टी सांगत बसू नका.

आम्ही मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल ज्यू, आता अशदोदला असतो, मराठी मासिकं मुंबईहून बहीण पाठवते. २००९ ला रामत गानच्या स्टेडियममध्ये मी होते. शेवटी त्याने हात वर करून कोहनीमचा, म्हणजे ज्यू पुरोहितांचा, आशीर्वाद म्हटला आणि माझ्या बाजूचे अनोळखी लोक रडत होते, मीही. पण थोरला मुलगा म्हणतो हाच माणूस १९७२ ला जेरुसलेमला कार्यक्रम अर्धा टाकून निघून गेला होता. खरं का? (अशदोद, इस्राएल)

ताई, तुमचं पत्र मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. मुलाचं खरं आहे.

१९७२ च्या एप्रिलमधली गोष्ट, टूरचा शेवटचा कार्यक्रम. त्या रात्री गाणं लागेना. आता आपल्याकडे आवाज लागला नाही तर गळ्याला मफलर दाखवतात, याने थांबून लोकांनाच सांगितलं की काही रात्री माणूस जमिनीपासून वर उचलला जातो आणि काही रात्री नाहीच उठता येत, मला वाटतंय मी तुम्हाला फसवतोय. आत जाऊन विचार करतो, नाहीच जमलं तर पैसे परत करू. आणि गेला आत. आत जाऊन काय केलं तर दाढी! दाढी केल्यावर बरं वाटेल असं त्याला वाटलं. तोपर्यंत बाहेर पब्लिकने ना खुर्च्या तोडल्या ना पैसे मागितले, सगळे मिळून ‘हेवेनू शालोम’ हे हिब्रू स्वागतगीत गायला लागले, जे तुम्हाला मी सांगायला नको. तो परत आला, गायला, डोळ्यात पाणी. त्या रात्री प्रेक्षकांनीच गायकाला सांभाळून घेतलं, पुण्याच्या काकांनी हाही भाग वाचावा, कारण इथे एक शब्द पाठ केलेला नव्हता.

आणि तुम्ही पाहिलेल्या रात्रीबद्दल तुम्हाला कदाचित माहीत नसेल असं एक सांगते. १८ सप्टेंबरला तो स्पेनमध्ये वालेन्सियाला भर स्टेजवर चक्कर येऊन पडला होता, अन्नातून विषबाधा. २१ ला त्याचा ७५ वा वाढदिवस, तेव्हा बार्सिलोनात गायला. आणि २४ ला तुमच्यासमोर, रोश हशाना (ज्यूंचं नववर्ष) आणि योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस) यांच्या मधल्या दिवसांत. कोहेन म्हणजे मुळात पुरोहिताचं घराणं, तेव्हा तो आशीर्वाद म्हणायचा हक्क त्याला वारशाने होताच, पण चाळीसेक हजारांवर स्टेडियम समोर असताना गायकाने टाळ्यांवर न संपवता हात वर करून आशीर्वाद द्यावा, हे आमच्याकडे पसायदानाने कार्यक्रम संपतो तसंच झालं. तुमच्या शेजारची माणसं का रडली असतील ते मला इथे बसून थोडं कळतं.

आमचे चुलते सांगायचे की कोणीतरी मोठा इंग्रजी गायक गिरगावाच्या आसपास येऊन राहिला होता, महाराजांच्या परंपरेत. तो हाच का? (खेतवाडी, गिरगाव)

हाच! गिरगाव नाही, थोडं पुढे, पण धागा तुमच्या खेतवाडीतूनच निघतो.

खेतवाडीतले निसर्गदत्त महाराज, म्हणजे मालवणकडच्या कांदळगावचे मारुती कांबळी, विडीचं दुकान चालवायचे आणि घरच्या माळ्यावर बसून मराठीत निरूपण करायचे, हे तुम्हाला मी काय सांगणार. त्यांच्याकडे परदेशी लोक यायला लागले तेव्हा मराठीचं इंग्रजी करून द्यायला जे बसायचे त्यांत रमेश बाळसेकर होते, बँक ऑफ इंडियातून जनरल मॅनेजर म्हणून रिटायर झालेले गृहस्थ. महाराज १९८१ ला गेल्यावर पुढे बाळसेकर स्वतःच घरी बोलायला लागले, वॉर्डन रोडजवळ, गमाडिया रोडच्या फ्लॅटमध्ये. १९९९ ला मठ सोडल्यावर कोहेन थेट मुंबईत आला तो यांच्यासाठी. केम्प्स कॉर्नरच्या साध्या हॉटेलात राहायचा, सकाळी सत्संगाला जाऊन बसायचा, ब्रीच कँडी क्लबात पोहायचा, परत खोलीवर. नंतरही काही वर्षं येत राहिला. इतक्या वर्षांचं डिप्रेशन याच काळात हळूहळू ओसरलं असं त्याने पुढे मुलाखतींत सांगितलंय. मजा म्हणजे गायला म्हणून भारतात तो कधी आलाच नाही, आला तो ऐकायला.

बाळसेकरांचं सांगणं थोडक्यात असं की घटना घडतात, कर्मं होतात, पण करणारा असा वेगळा कोणी नसतो. आता हा माझा तर्क आहे, पण गायक टाळ्या स्वतःकडे न ठेवता टोपी काढून ऑर्गनवाल्याकडे वळवतो तेव्हा मला गमाडिया रोड आठवतो. आणि मघाशी तारखा लिहिताना लक्षात आलं, अशदोदच्या ताईंनी ज्याला २४ सप्टेंबर २००९ ला ऐकलं, त्याचे हे मुंबईचे गुरू तीनच दिवसांनी, २७ ला गेले.

मी ७१. भावगीतं स्वतः लिहून चाली लावून चाळीस वर्षं गातोय. आता वरचा सा लागत नाही. मुलगा म्हणतो बाबा बास करा, लोक पाठीमागे हसतात. दिवाळीचा कार्यक्रम घ्यावा का? (मिरज)

घ्या. पण मुलगा म्हणतो त्यातलं अर्धं ऐका.

कोहेनने वयाशी मारामारी केली नाही. त्याचा आवाज वर्षागणिक खाली खाली गेला, तर त्याने गाणीही खाली आणली, आणि वरचं सगळं त्या तीन गायिकांना देऊन टाकलं. तुम्ही पण पट्टी उतरवा, काळी एक धरून बसू नका, मिरजेत बसून तानपुरा खाली लावून घ्यायला काय अडचण आहे! वरच्या जागांसाठी एखादी चांगली मुलगी सोबत घ्या आणि तिचं नाव नीट घ्या. दोन महिने आधीपासून रोज तासभर बसा, मध्यंतर ठेवा, पाणी ठेवा. आणि वरचा सा गेलाय हे आल्या आल्या तुम्हीच सांगून टाका, जमलं तर हसवून, म्हणजे पाठीमागे हसायचं काही उरणार नाही. ते वाक्य आधी लिहून काढा आणि पाठ करा.

तारीख आणि हॉल कळवा, दिवाळीत मी सांगलीला माहेरी असते.